आधी हिशेब दाखवा

सरकारी रुग्णालयात आईच्या उशाशी बसलेल्या मुलाच्या हाती चिठ्ठी येते : ‘हे बाहेरून आणा.’ चिठ्ठीवर इंजेक्शनचे नाव असते. खिशातल्या नोटा मोजत तो समोरच्या मेडिकलकडे धावतो. औषधखरेदीचा पैसा कुठे अडला, हे त्याला कोणी सांगत नाही.

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात सप्टेंबर २०२३ अखेरीस २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन मंजूर पदे किती, रिक्त किती, औषधांची मागणी किती, तरतूद किती, असा तपशील सरकारकडे मागितला. न्यायालयाने विचारायचे ते हेच.

न्यायाधीशांनी तिजोरी चालवू नये, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. जो वकील गाठू शकला त्याला खाट आणि बाकीचे व्हरांड्यात, असे झाले तर तो नवाच अन्याय. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने १९९७ मध्ये डर्बनच्या एका रुग्णाची डायलिसिसची मागणी फेटाळली. रुग्णालयात यंत्रे अवघी २०. कोणाला आधी घ्यायचे याचे निकष ठरलेले होते आणि ते सर्वांना सारखेच लावले जात. तो रुग्ण थोड्याच दिवसांत गेला. निकाल वाचताना जीव गलबलतो, तरी आमच्या मते तो बरोबर होता. तिथे सरकारने चणचण न्यायालयापुढे उघडी करून दाखवली होती.

आपल्याकडे ती नुसती सांगितली जाते. रतलामच्या नगरपालिकेने उघड्या गटारांबाबत पैसा नसल्याचे रडगाणे गायले, तेव्हा १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी ते ऐकून घेतले नाही. कामाला मुदत घालून दिली. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या बंगालच्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. त्याच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की पैशाच्या अडचणीपोटी सरकारला प्राण वाचवण्याची जबाबदारी झटकता येणार नाही.

तरीही ‘निधी नाही’ हे वाक्य शपथपत्रांतून हटत नाही. न्यायालयांनी ते यापुढे कागदांशिवाय ऐकूच नये. किती पैसा मंजूर झाला, किती हाती आला, किती मार्चअखेर परत गेला आणि त्याच वर्षी दुसऱ्या कोणत्या खात्यावर किती उधळला, हे सचिवांनी सहीनिशी लिहून द्यावे. दर तीन महिन्यांनी तो तक्ता प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दारावर मराठीत लागावा. पहिला नांदेडच्या दारावर लावा.