भोर-वेल्ह्यात धोका वळवाच्या ढगांचा

भोर - एप्रिल-मेच्या दुपारी रायरेश्वर, तोरण्याच्या माथ्यावर कोबीच्या गड्ड्यासारखे ढग चढू लागले, की वातावरण अस्थिर झाल्याचे समजावे. तापलेली दमट हवा वर जाते, बाष्पाचे थेंब होताना उष्णता सुटते आणि ढग आणखी उंचावतो. माथा ऐरणीसारखा सपाट झाला, की विजांचा, क्वचित गारांचाही धोका असतो.

जूननंतर चित्र पालटते. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मांढरदेव येथे बसविलेल्या रडारच्या नोंदींनुसार, घाटातील मोसमी ढग बहुतांशी कमी उंचीचे असतात. विजांची खरी भीती त्यामुळे वळवातच.

याच संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते. मात्र, डोंगराआडच्या वाडीत मोबाईलला रेंज नसेल, तर भाताचे राब भाजणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत ती पोचणार कशी?