पार्टी येतेय, घर आवरा!

‘रविवारी अकराला पार्टी घेऊन येतो,’ असा ब्रोकरचा फोन आला की घरात काय होतं? आई चहाचं आधण ठेवते, बाबा कागदांची फाइल काढून बसतात आणि आपण दोरीवरचे कपडे गुंडाळून बेडवर फेकतो. पार्टी नेमकं बेडरूमचंच दार उघडते. संपला विषय!

अमेरिकेत या आवराआवरीसाठी चक्क प्रोफेशनल असतो. होम स्टेजर. या फंड्याचं श्रेय दिलं जातं ते सिअ‍ॅटल परिसरात घरं विकणाऱ्या बार्ब श्वार्ट्‌झ यांना, साल १९७२. इंटीरियर डिझायनर घरात तुमची आवड आणतो, स्टेजर ती बाहेर काढतो. शाळेतल्या ट्रॉफ्या, फॅमिली फोटो, जांभळी भिंत, सगळं गायब. बघणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसला पाहिजे ना!

आपल्याकडे हे पैसे वाया घालवणं वाटतं. पण नव्या फ्लॅटचा ईएमआय सुरू झालाय आणि जुना टू बीएचके विकलाच जात नाहीये, अशा वेळी हिशोब करून बघा. ईएमआय अधिक जुन्या सोसायटीचा मेंटेनन्स, दर महिन्याला. दोन महिने आधी सौदा झाला तरी स्टेजरची फी निघू शकते. फ्लॅट रिकामा असेल तर जास्तच उपयोग. रिकाम्या खोलीत डबल बेड मावेल का, हे भल्याभल्यांना कळत नाही. भाड्याने आणून एक बेड ठेवला की प्रश्नच मिटतो. शिवाय स्टेजर परका असतो. बाल्कनीचं दार अडवणारा दिवाण हलवा असं आपण म्हटलं तर महाभारत, तो म्हणाला तर दिवाण दुपारीच बाहेर!

मात्र भिंतीला ओल असेल तर स्टेजर नाही, प्लंबर बोलवा. ओलीवर रंग मारून, पुढे कपाट सरकवून घर खपवणं म्हणजे स्टेजिंग नव्हे, फसवणूक आहे बॉस! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं, की तुम्हाला माहीत असलेला आणि नीट बघूनही खरेदीदाराला न दिसणारा मोठा दोष त्याला सांगणं तुमचं काम आहे.

आणि हो, अमेरिकन स्टेजर देवादिकांच्या वस्तूही उचलायला लावतो. ते तेवढं ऐकू नका. आपल्याकडची बरीच गिऱ्हाइकं किचनच्या आधी देवघर कुठल्या दिशेला आहे तेच बघतात!