विहिरी व खाणींतील सुरुंगांवर संरक्षक आच्छादन सक्तीचे करण्याविषयी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जिल्हा बेळगाव
मार्फत : मा. तहसीलदार, तालुका निपाणी

विषय : मौजे बोरगाव व परिसरातील सुरुंगकामात उडणाऱ्या दगडांपासून वस्तीचे रक्षण होण्याबाबत, आणि त्यासाठी लागणारे संरक्षक कापड याच मुलखात विणले जाण्याबाबत.

महोदय,

आम्ही बोरगाव व लगतच्या वाड्यावस्त्यांतील शेतकरी, शेतमजूर आणि यंत्रमागावर पोट भरणारी माणसे हे निवेदन आपल्या दप्तरी नम्रपणे सादर करीत आहोत. संविधानाच्या 350व्या अनुच्छेदाने प्रत्येक इसमास आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क दिलेला आहे. त्या हक्कास अनुसरून, ज्या भाषेत आम्ही आमच्या मुलांना सुरुंगाची शिट्टी ऐकताच घरात पळायला शिकवतो, त्याच भाषेत हा अर्ज लिहिला आहे.

या मुलखाची वरची माती काळी व सुपीक असली, तरी तिच्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाचा कठीण पाषाण आहे, आणि विहीर खोल न्यावयाची तर पहार व छिन्नी यांनी भागत नसल्यामुळे भोके पाडून, तोटे भरून, बार उडवल्यावाचून गत्यंतर राहत नाही. खडीच्या खाणींचीही तीच कथा. शेताला पाणी हवे, रस्त्याला खडी हवी, हे आम्ही जाणतो. सुरुंगकाम बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु बार उडाल्यावर दगड कोणत्या दिशेने जाईल याचा भरवसा नसल्यामुळे रानात भांगलणीला गेलेल्या बायका, दावणीची जनावरे आणि पत्र्याच्या छपराखाली निजलेली लेकरे यांचा जीव घटकाभर टांगणीला लागतो, आणि इतक्या वर्षांत त्यावर काहीही तजवीज होऊ नये, याचे आम्हांस मनापासून दुःख वाटते.

खाणींपुरते पाहिल्यास कायदा मुका नाही. खाणींच्या कायद्यातील बहुतेक तरतुदींतून लहान उघड्या खाणींना जी सूट आहे, ती खोली 6 मीटरच्या आत, माणसे 50 च्या आत आणि स्फोटकांचा वापर मुळीच नाही, या तिन्ही अटी पाळल्या तरच मिळते. म्हणजे जेथे एकही तोटा उडतो तेथे ‘आमची खाण लहान’ ही सबब चालत नाही. खाणींच्या 1961 च्या विनियमांनी बाराच्या जागेपासून 300 मीटरच्या परिघातील माणसे आडोशाला गेल्याखेरीज बार उडवण्यास मनाई केलेली आहे. परंतु पाण्याची विहीर ही खाण नव्हे. तिला खाणींचे हे नियम लागत नाहीत. तिच्यावर अंमल चालतो तो प्रामुख्याने 1884 चा स्फोटकांचा कायदा व त्याखालील 2008 चे नियम यांचा, आणि त्यांचा बंदोबस्त मुख्यत्वे परवाना, साठा व वाहतूक यांच्याकडे पाहतो. घराच्या परसापासून थोड्या पावलांवर विहिरीचा बार उडत असता त्यावर जाळी टाकावी की न टाकावी, हे प्रत्यक्षात ठेकेदाराच्या मर्जीवर राहते. आमच्या गाऱ्हाण्याचे मूळ येथे आहे.

दगड का उडतो, हे सुरुंगकाम करणारा जाणता माणूस सांगू शकतो. भोकाचे तोंड पुरेशा मातीने ठासलेले नसेल, दारू प्रमाणाबाहेर भरलेली असेल, किंवा पाषाणात आधीचीच चीर असेल, तर दगड फोडण्यात खर्च व्हावयाचा वायू तोंडावाटे किंवा चिरेवाटे सुटतो व दगडाला सोबत घेऊन जातो. ठासणी नीट करणे हा पहिला उपाय, आणि आच्छादन हा त्याच्या जोडीचा. आच्छादनाचे काम स्फोट कोंडून धरणे हे नव्हे; दूधगंगेत टाकलेले जाळे पाणी जाऊ देते आणि मासा धरते, त्याप्रमाणे वायूस वाट देऊन दगडास अडवणे हे त्याचे काम होय. ते वायूस वाट न देईल तर स्वतःच उडून जाईल, आणि वजनाने हलके असेल तर बारासोबत आभाळात जाईल. म्हणून खाली लोखंडी तारेची जाळी, तिच्यावर खाणीतील जुना वाहक पट्टा किंवा जाड विणीचे थर, आणि वर गोटा नसलेल्या वाळूची पोती, अशी रचना करतात. हे आच्छादन पसरताना टिकल्यांच्या (डिटोनेटरांच्या) तारा वा नळ्या ओढल्या जाऊ नयेत, याचे भान ठेवणारा हात मात्र शिकलेलाच पाहिजे. नॉर्वे व स्वीडन या देशांत भर शहरात पाया खणताना जुन्या टायरांच्या रबराचे, तारेच्या दोरांनी बांधलेले जड गालिचे बारावर अंथरतात. आमच्या वस्तीतील माणसाचा जीव त्याहून स्वस्त समजला जाऊ नये.

कापडाच्या बाबतीत तर गेल्या साठ वर्षांत विज्ञानाने फार मोठी मजल मारली आहे. 1965 साली ड्यूपाँ कंपनीतील रसायनतज्ज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून जो तंतू निघाला, तो पुढे केव्हलार या नावाने प्रसिद्धीस आला. समान वजनाच्या पोलादाच्या पाचपट बळकट असा हा तंतू आज बॉम्बशोधक पथकांच्या संरक्षक पोशाखांत व बॉम्बवर टाकावयाच्या जाड पांघरुणांत वापरतात. अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिथिलीनचा तंतू त्याहूनही हलका, पाण्यावर तरंगणारा. पण दीडशे अंशांच्या आसपासच तो वितळत असल्याने जेथे ज्वाळा आहे तेथे तो एकट्याने उपयोगी पडत नाही. इंग्लंडातील एक्सेटर विद्यापीठात अशी वीण सिद्ध झाली आहे की जी ताणली असता बारीक होण्याऐवजी जाड होते. लवचिक धाग्याभोवती दुसरा बळकट धागा मळसूत्रासारखा गुंडाळून ती साधतात, आणि स्फोटात फुटलेल्या काचा अडवणारे खिडक्यांचे पडदे करण्यासाठी तिचा विचार झाला.

या सर्वांत आम्हांस विशेष जवळचा वाटतो तो बेसॉल्टचा तंतू. आमच्या विहिरींतून निघणारा काळा दगड ज्या जातीचा आहे, त्याच जातीचा दगड सुमारे 1,400 ते 1,500 अंश उष्णतेला वितळवून त्याचा केसाहून बारीक धागा काढता येतो. तो उष्णतेस दाद देत नाही व त्याचे कापडही विणता येते. प्रत्येक ठिकाणचा दगड या कामास योग्य असतोच असे नाही, त्याचे रासायनिक घटक तपासावे लागतात. ती तपासणी या भागातील दगडाची व्हावी, एवढी इच्छा आम्ही धरली तर ती अवाजवी होणार नाही.

कोणतेही कापड म्हणजे संरक्षण, असा आमचा भ्रम नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज उडाले, त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकांसोबत कापसाचे हजारो गठ्ठे भरलेले होते, आणि आग लागली ती त्या कापसालाच. ती विझवताना अग्निशामक दलाचे 66 जवान कामी आले, व त्यांच्याच स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. म्हणून गोणपाट वा जुन्या चादरी टाकून ‘आच्छादन केले’ असे दप्तरी लिहिण्याची मुभा कोणास असू नये. त्याचप्रमाणे शिवमोगा जिल्ह्यातील हुणसोडू येथे जानेवारी 2021 मध्ये आणि चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील हिरेनागवल्ली येथे पुढच्याच महिन्यात जे अनर्थ घडले, ते साठ्याचे व वाहतुकीचे स्फोट होते. त्यांवर कापड हा उपाय नाही, कडक तपासणी हाच आहे. जमिनीतून जाणारा हादराही आच्छादनाने कमी होत नाही. त्यासाठी एका वेळी उडणाऱ्या दारूचे वजन कमी ठेवून बार टप्प्याटप्प्याने उडवले पाहिजेत.

आता मागाविषयी. विठ्ठलराव दातार यांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हा सारा टापू, मधून राज्याची सीमा गेली तरी, मागाच्या खडखडाटावर जगत आला. आपल्याच जिल्ह्यात बेळगावचे वडगाव, खासबाग व शहापूर येथील विणकरांची साडी नावाजलेली आहे. पण आज साध्या कापडाला भाव नाही आणि माग भंगारात जात आहेत. जाड, बळकट, औद्योगिक वापराचे कापड विणण्याची बुद्धी या हातांना नाही असे नाही. उणीव आहे ती धागा, नमुना आणि खात्रीचा खरीददार यांची. इचलकरंजीतील डीकेटीई या 1982 साली स्थापन झालेल्या संस्थेत वस्त्रविद्येचे शिक्षण व संशोधन चालते, आणि केंद्र सरकारने 2020 साली 1,480 कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले. सीमा आडवी न येऊ देता हे ज्ञान सीमेअलीकडच्या मागापर्यंत पोहोचवणे आपल्या अधिकारातील पत्रव्यवहाराने शक्य आहे, अशी आमची धारणा आहे.

तेव्हा आमची मुख्य मागणी अशी की, वस्तीपासून 300 मीटरच्या आत होणाऱ्या कोणत्याही सुरुंगकामास, मग ते खाणीचे असो वा विहिरीचे, वर वर्णिलेले आच्छादन अंथरल्याखेरीज मुभा नाही, असा लेखी हुकूम आपण काढावा, आणि तो मोडणाऱ्याचा परवाना रद्द करण्यासाठी नागपूर येथील पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे शिफारस करावी. गरीब शेतकऱ्यास हा खर्च झेपणारा नाही. करिता प्रत्येक ग्रामपंचायतीत व नगरपंचायतीत आच्छादनाचा एक संच सरकारी खर्चाने ठेवून तो नाममात्र भाड्याने मिळावा. तो संच विणण्याचे काम जिल्ह्यातील यंत्रमागधारकांस द्यावे, मात्र नमुन्याची प्रत्यक्ष बारावर चाचणी झाल्याशिवाय एकही नग स्वीकारू नये. या बाबतीत आम्हांस आमच्या मालाविषयीही सवलत नको. बार उडवणाऱ्या मजुरांस प्रशिक्षण, शिरस्त्राण व अंगरखा मिळावा. बाराची वेळ आदल्या दिवशी दवंडीने कळवावी, आणि धोक्याचे फलक कन्नडबरोबर मराठीतही असावेत, कारण जो फलक वाचता येत नाही तो कोणाचा जीव वाचवीत नाही. दगड लागून माणूस, जनावर वा घर यांची हानी झाल्यास पंचनामा त्याच दिवशी व्हावा.

या मागण्यांवर झालेल्या कार्यवाहीचा लेखी खुलासा तीस दिवसांच्या मुदतीत, मराठी प्रतीसह, आम्हांस मिळावा. पावसाळा सरताच विहिरींची कामे पुन्हा सुरू होतात. त्यापूर्वी निदान विहिरींपुरता तरी हुकूम निघावा, अशी कळकळीची विनंती आहे.

कळावे,

आपले नम्र,
समस्त ग्रामस्थ, शेतकरी व यंत्रमाग कामगार
मौजे बोरगाव, तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव