बिनतारी संदेश आणि कामाची वाटणी

विज्ञान प्रदर्शनांतून ‘आर्डुइनो’ या छोट्या इलेक्ट्रॉनिक फलकावर उभारलेली उपकरणे आता सर्रास दिसू लागली आहेत. 2005 साली इटलीतील इव्हरेआ या गावी हा फलक जन्माला आला, तो अभियंत्यांसाठी नव्हे, तर इलेक्ट्रॉनिक्सची पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे. ज्यांच्या घरात शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, अशा आपल्या निवासी विद्यार्थ्यांना हे साधन म्हणूनच जवळचे वाटावे. इतिहासाच्या शिक्षकाने या विषयावर लेखणी का उचलावी, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु यंत्र जुळवताना कोणाच्या वाट्याला कोणते काम येते, हा प्रश्न विज्ञानापेक्षा इतिहासाचाच अधिक आहे.

या फलकाला बिनतारी संदेशाची जोड देण्याचे उदाहरण घेऊ. त्यासाठी ‘एनआरएफ24एल01’ नावाचे बोटाएवढे मोड्यूल मिळते. ते 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते. ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत या पट्ट्याच्या वापरास भारतात परवाना लागत नाही, आणि त्याला इंटरनेटचीही गरज नाही. वसतिगृहाच्या गच्चीवरील टाकीत पाणी किती आहे, हे खाली स्वयंपाकघरात कळावे, एवढे काम असे दोन फलक सहज करू शकतात. मोड्यूलला आठ पिना असतात, पण त्या दोन ओळींत असल्याने ब्रेडबोर्डवर नीट बसत नाहीत. म्हणून छिद्रांच्या पट्टीवर सॉकेट सोल्डर करून स्वतःचा जोडफलक तयार करावा लागतो. मोड्यूलला वीज 3.3 व्होल्टचीच द्यावी लागते. 5 व्होल्टची तार चुकून लागली, तर ते कायमचे निकामी होऊ शकते.

सर्व जोडण्या करूनही पहिल्या दिवशी संदेश बहुधा पोहोचत नाही. खरे शिक्षण तेथे सुरू होते. ‘मोड्यूलच खराब आहे’ असे कोणीतरी म्हणतो आणि बाकीचे मान डोलावतात. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा वडीलधाऱ्याने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. तो येथे शब्दशः उपयोगी पडतो. मल्टिमीटर लावून 3.3 व्होल्ट येतात का ते पाहावे. सोल्डरचा एखादा सांधा कच्चा राहिला आहे का ते तपासावे. प्रक्षेपणाच्या क्षणी वीज डळमळते, म्हणून विजेच्या दोन पिनांमध्ये 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून पाहावा. दोन्ही फलकांवरील प्रोग्राममध्ये चॅनेल, पत्ता आणि वेग तंतोतंत सारखे आहेत का, हे पडताळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चिकित्सक बुद्धी अशा तपासणीतून घडते. तिच्यावर दिलेल्या व्याख्यानातून ती क्वचितच घडते.

याच मोड्यूलची आणखी एक मौज आहे. ते एका वेळी जास्तीत जास्त 32 बाइटचा संदेश पाठवते. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीत मात्र प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा आणि हलन्ताचे चिन्हही तीन-तीन बाइट घेते. ‘जय भीम’ला 16 बाइट लागतात आणि ‘नमो बुद्धाय’ला 31. दोन्ही एकत्र पाठवायचे, तर संदेश दोन तुकड्यांत विभागून पलीकडे पुन्हा जोडावा लागतो. आपल्या भाषेला यंत्रात किती जागा दिली गेली आहे, हे मुलांना हिशेबाने उमगते. आणि जागा कमी पडली तरी मार्ग काढता येतो, हेही उमगते.

आता मूळ मुद्दा. चार-पाच मुलांचा गट केला की कामाची वाटणी आपोआप होते. वर्गात पहिला येणारा प्रोग्राम लिहितो. ज्याचे वडील गॅरेजमध्ये किंवा वेल्डिंगच्या दुकानात आहेत, त्याच्या हाती सोल्डरिंग आयर्न येते. मुलीकडे तक्ता रंगवण्याचे आणि सुवाच्य अक्षरात वही लिहिण्याचे काम जाते. उरलेला तारा धरून उभा राहतो. ही वाटणी कोणी लादलेली नसते, म्हणूनच ती अधिक घातक असते. 1936 साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये श्रमविभागणीचा जुना युक्तिवाद खोडून काढताना बाबासाहेबांनी दाखवून दिले, की जातीने केवळ कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेही एकमेकांपासून वाटून टाकली. पुढे ऑक्टोबर 1942 मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. हात आणि बुद्धी यांची ताटातूट ज्या समाजाने शतकानुशतके भोगली, त्याच्याच शाळेत ती प्रयोगाच्या टेबलावर पुन्हा मांडली जाऊ नये.

शब्दांच्या बाबतीतही हेच. या मोड्यूलच्या दोन पिनांना ‘मिसो’ आणि ‘मोसी’ म्हणतात. त्या आद्याक्षरांत ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’, म्हणजे मालक आणि गुलाम, दडलेले आहेत. 2020 साली ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशनने ही नावे सोडून ‘कंट्रोलर’ आणि ‘पेरिफेरल’ वापरण्याचे आवाहन केले, आणि आर्डुइनोच्या माहितीपुस्तिकांतही नवी नावे आली. नाव बदलल्याने वीज वेगळी वाहत नाही हे खरे. पण नाव बदलल्याने माणूस स्वतःकडे वेगळ्या नजरेने पाहतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

प्रत्येकाला प्रत्येक काम दिले, तर उपकरण प्रदर्शनाच्या तारखेपर्यंत पूर्ण होणार नाही, अशी रास्त शंका सहकारी व्यक्त करतात. होईलही तसे. एखादे बक्षीस हुकेल. परंतु निवासी शाळेजवळ इतर शाळांना नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे संध्याकाळ. आठवड्यातील दोन संध्याकाळी गटातील कामे फिरवली, तर एका सत्रात प्रत्येक मुलाला आणि मुलीला किमान एक सांधा स्वतः सोल्डर करता येईल, प्रोग्रामच्या काही ओळी स्वतः लिहिता येतील आणि न पोहोचलेल्या संदेशाचे कारण स्वतः शोधता येईल. उपकरणापुढे उभ्या राहिलेल्या गटातील कोणालाही प्रश्न विचारावा आणि त्याने किंवा तिने उत्तर द्यावे, हीच आपल्या प्रदर्शनाची कसोटी असावी. टाकी भरल्याचा संदेश खाली पोहोचेल तेव्हा तो कोणाच्या हातांनी आणि कोणाच्या बुद्धीने पोहोचला, या प्रश्नाचे उत्तर ‘आम्हा सर्वांच्या’ असे मिळाले पाहिजे.