बेटाच्या दाराची किल्ली

पॅसिफिक महासागरात फिलिपाइन्सच्या पूर्वेस उत्तर मारियाना नावाची चौदा बेटे आहेत. ती अमेरिकेच्या छत्राखाली असली तरी आपला अंतर्गत कारभार आपणच चालवितात. इतक्या दूरच्या बेटांची उठाठेव नगरकरांनी कशास करावी, असे वाचक सहजच विचारतील. त्यावर आमचे उत्तर असे की, परमुलखातून मजूर आणून त्यांच्या घामावर धंदा चालविणे हे आमच्या जिल्ह्यास नवे नाही. आणि अशा मजुरांविषयीचे कायदे स्थानिक सत्तेने करावेत की मध्यवर्ती सत्तेने, या वादाच्या दोन्ही बाजू त्या बेटांवर पुरत्या उघड झाल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही बेटे संयुक्त राष्ट्रांची विश्वस्त भूमी म्हणून अमेरिकेकडे आली. 1975 साली तेथील लोकांनी मत देऊन अमेरिकेशी कायमचा संबंध जोडण्याचे ठरविले व 1976 साली अमेरिकन काँग्रेसने त्या करारास मान्यता दिली. परदेशी माणसांच्या प्रवेशाचा व किमान वेतनाचा अमेरिकन कायदा बेटांस लगोलग लागू होऊ नये, असे त्यात ठरले; मात्र पुढे तो लागू करण्याचा अधिकार काँग्रेसने राखून ठेविला. लोकवस्ती थोडी, आशिया खंड जवळ. तेव्हा बाहेरचा लोंढा आल्यास मूळचे चामोरो व कॅरोलिनियन लोक स्वतःच्याच भूमीत उपरे ठरतील, हे भय या सवलतीच्या मुळाशी होते. हे भय अवाजवी होते, असे आम्ही म्हणणार नाही.

पण झाले ते विपरीतच. 1980 साली या बेटांची लोकसंख्या सुमारे 17 हजार होती. 2000 साली ती 69 हजारांवर गेली. ज्या लोंढ्याच्या धास्तीने दाराची किल्ली मागून घेतली, तो लोंढा किल्ली हाती असतानाच आत आला! कारण उघड आहे. येथे शिवलेले कपडे जकातीवाचून अमेरिकेत जात, त्यांवर ‘अमेरिकेत तयार’ अशी चिठ्ठी लागे, आणि मजुरी मात्र अमेरिकेहून पुष्कळच कमी पडे. कारखानदारांनी चीन, फिलिपाइन्स आदी देशांतून हजारो मजूर आणले. त्यांत तरुण स्त्रियांचा भरणा मोठा होता. कित्येकींनी दलालाची भर करण्यासाठी कर्ज काढलेले, आणि बेटावर राहण्याचा परवाना मालकाच्या नोकरीशी जखडलेला. अशा स्थितीत तक्रारीसाठी तोंड कोण उघडणार? 2005 च्या आरंभी कापडावरील आंतरराष्ट्रीय कोटे उठले, स्वस्त माल इतर देशांतून येऊ लागला आणि 2009 पर्यंत हे कारखाने बंद पडले.

मध्यंतरी काँग्रेसने 8 मे 2008 रोजी कायदा होऊन अमेरिकेचे प्रवेशविषयक नियम बेटांस लागू केले. 28 नोव्हेंबर 2009 पासून त्यांचा अंमल सुरू झाला. बेटांचे सरकार न्यायालयात गेले, पण अंमल थांबला नाही. परदेशी मजुरांसाठी दिलेली संक्रमणाची मुदत प्रथम 2014, मग 2019 व आता 31 डिसेंबर 2029 पर्यंत वाढली आहे. 2019 साठी 13 हजार परवान्यांची मर्यादा ठरवून ती दरसाल 500 ने उतरत नेली आहे.

यास स्वराज्यावरील घाला म्हणणारे पुष्कळ आहेत, व त्यांचे म्हणणे सर्वस्वी पोकळ नाही. 2008 च्याच कायद्याने बेटांस काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी मिळाला. परंतु कायद्याच्या अखेरच्या मतदानात त्यास मत नाही, आणि बेटांवरील नागरिकांस राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही मत नाही. ज्यांच्या दारास दुसऱ्याने कुलूप घातले, त्यांस कुलपाविषयी मत देता येऊ नये, हे न्यायाचे नव्हे.

तथापि स्वराज्य या शब्दाने भुलून जाऊ नये. मॉरिशसचे उदाहरण आमच्या माणसांचेच आहे. 1834 पासून 1910 पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर त्या बेटात उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. तेथील कायदे ऊसमळ्यांच्या मालकांच्या वजनाने होत. करार संपलेल्या मजुरानेही छायाचित्राचा पास जवळ बाळगलाच पाहिजे, असा कायदा 1867 साली त्यांनी केला. पास नसलेला मजूर भटक्या म्हणून तुरुंगात जाई. हजारो मजुरांचा अर्ज 1871 साली पुढे आला, तेव्हा विलायतेहून चौकशी कमिशन नेमले गेले. स्थानिक सत्ता मालकांच्या मुठीत असली म्हणजे ते लोकांचे स्वराज्य नव्हे. ती केवळ मालकांची सोय होय.

म्हणून आमचे मत असे की, बेटांवर राष्ट्राचा कायदा आला हे योग्य झाले; पण तो दाराशीच थांबला तर काम अर्धेच राहील. मजुरास मालक बदलण्याची मोकळीक हवी. वर्षानुवर्षे राबलेल्यांस कायमचा आसरा हवा. 2019 च्या कायद्याने काही जुन्या रहिवाशांस तो मिळाला, सर्वांस नाही. आणि बेटांतील लोकांस राष्ट्राच्या सभेत खरे मत हवे.

आता दृष्टी घराकडे वळवू. पाथर्डी, जामखेडकडचा ऊसतोड मजूर उचल घेऊन कोयता हाती धरतो. ती उचल फिटेपर्यंत मुकादमास सोडण्याची त्यास सोय नसते. त्याला ना समुद्र ओलांडावा लागतो, ना परवाना काढावा लागतो. तरी सायपानच्या शिलाईकामगाराची व त्याची बेडी एकाच लोखंडाची आहे. स्वस्त मजुरीवर उभारलेला धंदा टिकाऊ नसतो, हे सायपानच्या ओस पडलेल्या कारखान्यांवरून आमच्या व्यापारी बंधूंनी ओळखावे. आणि कायदा मुंबईचा असो वा दिल्लीचा, तो कर्जात अडकलेल्या माणसास मोकळे करतो की नाही, एवढीच त्याची कसोटी लावावी.