हवानाचे वाफे आणि वसईची बावखले

‘द लिमिट्स टू ग्रोथ’ हा छोटेखानी ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी त्याची मनसोक्त टवाळी केली. डोनेला मेडोज, डेनिस मेडोज व त्यांचे सहकारी यांनी लोकसंख्या, अन्न, उद्योग, प्रदूषण आणि खनिज संपत्ती यांचा मेळ संगणकावर मांडून पाहिला होता. चालू ओघ असाच राहिला तर शंभर वर्षांच्या आत ही वाढ खुंटेल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. असले ग्रंथ चाळण्यास आम्हांस फुरसत नव्हती.

वाढ अकस्मात थांबली म्हणजे काय होते, ह्याचा धडा क्यूबाने गिरवला आहे. सोव्हिएत युनियनने साखर चढ्या भावाने घ्यावी आणि बदल्यात तेल, खते, यंत्रे द्यावीत, ह्या सौद्यावर त्या बेटाचा संसार चालला होता. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच नाहीसे झाले. ट्रॅक्टर उभे राहिले, बैल पुन्हा जुंपले गेले, चीनमधून लाखो सायकली आणाव्या लागल्या. निकृष्ट आहारामुळे नेत्रविकाराची साथ आली आणि १९९२-९३ मध्ये पन्नास हजारांच्या आसपास माणसे तिच्या तडाख्यात सापडली. अशा वेळी हवानातील मोकळ्या जागांवर, कचरा पडणाऱ्या भूखंडांवर, कुंपणाच्या भिंती घालून वाफे बांधले गेले. शहराची माती निकस, म्हणून बाहेरून माती व कंपोस्ट आणून ते भरण्यात आले. सरकारने पडीक जमीन कसणाऱ्यास विनामूल्य वापरावयास दिली. १९९४ मध्ये शेतकऱ्यांचे बाजार पुन्हा खुले करून आपल्या मालाचा भाव ठरविण्याची मोकळीकही दिली. हा शेवटचा निर्णय वाफ्यांइतकाच महत्त्वाचा होता, असे आमचे मत आहे. मात्र क्यूबाचे गोडवे गाणारे त्याचा उल्लेख सहसा करीत नाहीत.

तथापि ह्या यशाची सीमाही ओळखली पाहिजे. वाफ्यांनी हवानाला भाजी दिली. भाकरी दिली नाही. गहू क्यूबात पिकत नाही, तांदूळही परदेशांतून येतो, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तर लहान मुलांच्या दुधासाठी त्या सरकारला जागतिक अन्न कार्यक्रमाकडे हात पसरावा लागला. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती मागे घेतली. दरम्यान भातशेतीचे व्हावयाचे ते नुकसान होऊन गेले. गच्चीवरील कुंड्यांतून मुंबईचे पोट भरेल असे सांगणारे उत्साही गृहस्थ आम्हांस अधूनमधून भेटतात. त्यांनी आपल्या घरातील गव्हाचा डबा एकदा उघडून पाहावा.

मग भाजीचा खटाटोप कशासाठी? अडचणीचे चार आठवडे निभावून नेण्यासाठी. २०२० च्या टाळेबंदीत वाशीचा घाऊक बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला, तेव्हा एवढ्या मोठ्या नगरीची पालेभाजी किती थोड्या दारांतून आत येते हे सर्वांना उमगले. शहरात पिकवलेले सारेच खाण्याजोगे असते असेही नाही. लोकलच्या रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक कोणी हौसेने खात नाही. हवानात खर्च झाला तो स्वच्छ माती, पाणी आणि जागा ह्यांवर.

आपल्याकडे हे तिन्ही वसईत होते. केळी, भाजी आणि फुले पिकविणाऱ्या वसईच्या वाड्यांना बावखलांचे पाणी मिळे. त्यांतील कित्येक बावखले भरणी घालून बुजविली गेली आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. वाफा दोन महिन्यांत बांधता येतो. बुजविलेले बावखल पुन्हा मोकळे करण्यास त्यावरची इमारत पाडावी लागेल. उरलेल्या बावखलांची मोजणी करून ती नकाशावर नोंदवावीत आणि त्या नोंदीवाचून आसपासच्या एकाही बांधकामास परवानगी देऊ नये, ही आमची मागणी आहे. तिला पैसा फारसा लागत नाही. बिल्डरांची नाराजी पत्करावी लागेल, आणि घोडे तेथेच अडले आहे.