विश्लेषण : साइट उघडत नाही... ‘सर्व्हर डाउन’ की घरातल्या वायफायचे डीएनएस?

अकरावीचा प्रवेश, पीक विमा, शिष्यवृत्ती, दाखले... वाशिमसारख्या जिल्ह्यातही आता ही सारी कामे मोबाइलवरून होतात. साइट उघडली नाही की ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढे एकच कारण सांगितले जाते. प्रत्यक्षात अनेकदा सर्व्हर व्यवस्थित सुरू असतो, घरातले इंटरनेटही सुरू असते. अडलेला असतो तो साइटचे नाव शोधून देणारा दुवा, म्हणजे डीएनएस. हा फरक ओळखणे अर्जाच्या शेवटच्या दिवशी फार महत्त्वाचे ठरते. कारण पोर्टल बंद पडले तर मुदत वाढू शकते, घरातले वायफाय अडले तर ती वाढत नाही.

अकरावी प्रवेशाच्या वेळी काय घडले?

राज्यात २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया सर्वत्र लागू झाली. त्याआधी ती मुंबई महानगर क्षेत्र, पुणे व पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या शहरी क्षेत्रांपुरतीच होती. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील विद्यार्थी त्यामुळे प्रथमच या प्रक्रियेत आले. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, २१ मे २०२५ रोजी पोर्टल कोलमडले आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. तिथे दोष पोर्टलचा होता, तो राज्यभर सर्वांना दिसत होता, म्हणून वेळापत्रक बदलले. मात्र एखाद्या घरातील राउटर ऐन वेळी पोर्टलचे नाव शोधू शकला नाही, तर तशी सवलत मिळत नाही. अर्जदार मात्र दोन्ही वेळा ‘सर्व्हर डाउन’ म्हणून वाट पाहत बसतो.

डीएनएस म्हणजे काय?

मोबाइलमध्ये ‘दादा’ या नावावर बोट ठेवले की फोन त्यामागचा क्रमांक लावतो. क्रमांक पाठ नसला तरी चालते, कारण नाव आणि क्रमांक यांची जोडी यादीत असते. इंटरनेटवर हेच काम डीएनएस करते. प्रत्येक साइटला आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. माणसे नाव टाइप करतात आणि डीएनएस त्या नावामागचा आकडा शोधून देते. सुरुवातीच्या काळात जोडलेल्या संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये लिहून ठेवत. संगणक वाढले तशी ती फाइल पुरेना. तेव्हा अमेरिकी संगणकतज्ज्ञ पॉल मॉकपेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली. तीच आजही वापरात आहे. २०१४ मध्ये देवनागरीत सुरू झालेल्या ‘डॉट भारत’ या मराठीतून लिहिता येणाऱ्या पत्त्यांनाही याच व्यवस्थेतून जावे लागते.

घरातून ही चौकशी कशी जाते?

फोन वायफायला जोडला की राउटर त्याला तीन गोष्टी देतो : घरापुरता आयपी ॲड्रेस, बाहेर जाण्याचा मार्ग आणि नावे कोणाला विचारायची त्याचा पत्ता. हा तिसरा पत्ता बहुतेक घरांत राउटरचाच असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. राउटर ती चौकशी इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवतो. तो सर्व्हर गरज पडल्यास जगभरातील मूळ सर्व्हर, मग ‘डॉट इन’सारख्या नोंदणीचे सर्व्हर आणि शेवटी त्या साइटचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर अशी पायरीपायरीने विचारणा करतो. मिळालेले उत्तर काही काळ साठवून ठेवले जाते, म्हणजे दर वेळी पुन्हा विचारावे लागत नाही. हे सारे सेकंदाच्या छोट्याशा भागात होते. यातली एक पायरी अडली तरी साइट उघडत नाही.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखावे?

पहिली खूण पडद्यावरच्या मजकुराची. ‘५०३’ किंवा ‘५०४ गेटवे टाइम-आउट’ असे दिसले, तर नाव सापडलेले असते आणि फोन समोरच्या यंत्रणेपर्यंत पोहोचलेला असतो. तिथे गर्दी किंवा बिघाड आहे. ‘डीएनएस प्रोब’ किंवा ‘सर्व्हरचा आयपी ॲड्रेस सापडला नाही’ असे दिसले, तर नाव शोधण्यातच अडचण आहे.

दुसरी तपासणी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडण्याची. दोन्हीकडे उघडत नसेल तर बहुधा साइटचा दोष. डेटावर उघडली आणि वायफायवर नाही, तर दोष घरात किंवा इंटरनेट कंपनीकडे. अशा वेळी आधी डेटावरून अर्ज भरून टाकावा, दुरुस्ती नंतर करावी.

तिसरी तपासणी थोडी तांत्रिक, पण सोपी आहे. वायफाय सुरू ठेवून ब्राउझरमध्ये नावाऐवजी १.१.१.१ हे आकडे टाइप करावेत. त्या पत्त्यावर एक पान आहे. ते उघडले आणि नावाने मात्र कोणतीच साइट उघडत नसेल, तर इंटरनेट सुरू आहे आणि डीएनएस बंद आहे, हे जवळपास नक्की होते. व्हॉट्सॲपचे संदेश येत असताना नव्या साइट न उघडणे हीही तशीच खूण. आधीपासून जोडलेल्या ॲपला दर वेळी नाव विचारावे लागत नाही.

घरातले डीएनएस का अडते?

सर्वांत साधे कारण राउटरचे. महिनोन्‌महिने सुरू असलेला किंवा लाइट गेल्या-आल्याने अर्धवट सुरू झालेला राउटर वायफाय देतो, पण नावांच्या चौकशीला उत्तर देत नाही. पूर्ण बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू केल्यास बहुतेक वेळा तो ताळ्यावर येतो. साइटचा सर्व्हर बदलला असेल आणि राउटरने जुनाच पत्ता साठवून ठेवला असेल, तर तोही यामुळे पुसला जातो.

दुसरे कारण फोनमधले. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ हा पर्याय आहे. जाहिराती बंद करण्यासाठी व्हिडिओ पाहून अनेक जण तिथे एखाद्या सेवेचे नाव टाकतात आणि विसरून जातात. ती सेवा बंद पडली की त्या फोनवर वायफाय आणि डेटा दोन्हीकडे काहीच उघडत नाही. म्हणूनच वरची मोबाइल डेटाची तपासणी शक्यतो दुसऱ्या फोनवरही करून पाहावी. घरातील इतर फोन चालतात आणि एकच अडतो, तेव्हा हा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वर आणून पाहावा. व्हीपीएन ॲप सुरू असेल तर तेही बंद करावे.

तिसरे कारण कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचे. तो संथ किंवा बंद असेल तर त्या कंपनीच्या अनेक ग्राहकांना एकाच वेळी त्रास होतो. शेजाऱ्याकडे तेच कनेक्शन असेल तर एका प्रश्नात हे समजते.

प्रिंटर, सीसीटीव्हीचे नाव का सापडत नाही?

घरातूनच सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान किंवा शिकवणी चालवणाऱ्यांना हा प्रश्न अधिक भेडसावतो. काल नावाने सापडणारा प्रिंटर किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर आज सापडत नाही, इंटरनेट मात्र सुरळीत असते. याचे कारण घरातील नावे घरापुरतीच असतात. गावात ‘पाटलांचा वाडा’ म्हटले की कोणीही बोट दाखवतो. नागपूरच्या टपाल कार्यालयात तेच विचारले तर उत्तर मिळत नाही. घरातील उपकरणांची नावे एक तर राउटरच्या यादीत असतात, किंवा ‘डॉट लोकल’ या पद्धतीने उपकरणेच एकमेकांना हाक मारून शोधतात. या दुसऱ्या पद्धतीत सर्व्हर नसतो. फोन सगळ्या नेटवर्कवर नाव पुकारतो आणि ज्याचे नाव आहे तो उत्तर देतो.

ही हाक एका नेटवर्कच्या बाहेर जात नाही. प्रिंटर एका वायफायवर आणि फोन ‘गेस्ट’ वायफायवर असला, तर दोघांची भेट होत नाही. कंपनीच्या राउटरला बाजारातून आणलेला दुसरा राउटर जोडला की घरात नकळत दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि तीच अडचण येते. दुसरा राउटर केवळ वायफाय पोहोचवण्यासाठी असेल, तर तो ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर ठेवावा. जुन्या अँड्रॉइड फोनच्या ब्राउझरला ‘डॉट लोकल’ नावे ओळखता येत नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

आणखी एक नेहमीचा घोळ पत्ता बदलण्याचा. राउटर उपकरणांना पत्ते ठरावीक मुदतीसाठी देतो. लाइट जाऊन आली की प्रिंटरला कधी वेगळाच पत्ता मिळतो आणि संगणक जुन्या पत्त्यावर शोधत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करून प्रिंटर आणि डीव्हीआरला कायमचा पत्ता बांधून दिला की हा त्रास थांबतो.

८.८.८.८ टाकले की प्रश्न सुटतो?

काही वेळा सुटतो. गुगलची ८.८.८.८ ही सार्वजनिक डीएनएस सेवा २००९ पासून आहे, क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही सेवा २०१८ पासून. कंपनीचा डीएनएस अडला असताना वायफायच्या सेटिंगमध्ये हे आकडे टाकून काम पुढे नेता येते. पण हा रामबाण उपाय नव्हे. पोर्टलच कोलमडले असेल तर कोणतेही डीएनएस ते उघडू शकत नाही. ८.८.८.८ ला घरातल्या प्रिंटरचे नाव ठाऊक नसते, त्यामुळे राउटरच्या यादीतील नावे सापडेनाशी होतात. ‘डीएनएस बदलला आणि प्रिंटर गेला’ या तक्रारीचे मूळ इथे आहे. शिवाय घरातून कोणकोणत्या साइटची विचारणा होते, ती माहिती इंटरनेट कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीकडे जाते. सार्वजनिक सेवाही बंद पडतात : १४ जुलै २०२५ रोजी १.१.१.१ ही सेवा जगभरात तासाभरासाठी ठप्प झाली होती. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते, तेव्हाही फेसबुकच्याच जाळ्यातील बदलामुळे त्यांचे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले होते.

यात फसवणुकीचा धोका कोणता?

नाव बरोबर आणि पत्ता भलताच, असेही घडवून आणता येते. ‘डीएनएस चेंजर’ या घातक प्रोग्रॅमने जगभरातील ४० लाखांवर संगणकांची डीएनएस सेटिंग बदलली होती. अमेरिकेत २०११ मध्ये ही टोळी उघड झाली. तिचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर या लोकांचे इंटरनेटच थांबले असते, म्हणून ९ जुलै २०१२ पर्यंत पर्यायी सर्व्हर चालवावे लागले. राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, म्हणजे ‘ॲडमिन’ असा ठेवला, तर असा बदल राउटरमध्येही करता येतो आणि घरातील प्रत्येक फोन फसतो. म्हणून राउटरचा पासवर्ड बदलावा. बँकेची किंवा सरकारी साइट उघडताना ब्राउझरने ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा दिला, तर पुढे जाऊ नये. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे.

तक्रार कोणाकडे करायची?

वाशिम हा केंद्र सरकारने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे राज्यातील अन्य तीन. अशा ठिकाणी गावातून तालुक्याला जाऊन अर्ज भरणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. त्यामुळे दोष कोणाचा हे ठरवणे खर्चाशीही जोडलेले आहे. दोष पोर्टलचा दिसला तर तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवावा आणि संबंधित विभागाच्या मदत क्रमांकावर कळवावे. मुदतवाढीची मागणी करताना तोच पुरावा ठरतो. दोष कंपनीचा असेल तर केवळ लाइनमनला फोन करून थांबू नये. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. तिथे दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ‘नेट चालत नाही’ असे मोघम सांगण्यापेक्षा ‘मोबाइल डेटावर साइट उघडते, वायफायवर आकड्याने उघडते, नावाने उघडत नाही’ असे सांगितले, तर लाइनमन तार तपासून परत जाणार नाही.

कामे ऑनलाइन करण्याची सक्ती वाढत असताना, शेवटच्या दिवशीचा घरगुती बिघाड ही अर्जदाराची वैयक्तिक अडचण मानली जाते. तो नियम बदलेपर्यंत शहाणपणाचा मार्ग एकच : अर्ज शेवटच्या दिवसावर ढकलू नये, आणि साइट उघडली नाही तर ‘सर्व्हर डाउन’ म्हणण्याआधी एकदा वायफाय बंद करून पाहावे.